मालिकेत कुजबुज, ब्रेकमध्ये बोंब: टीव्हीचा आवाज घरच्या घरी कसा आवरायचा

बाबांच्या रिमोटवर एकच बटण झिजलंय. आकडे, मेन्यू, चॅनेलची बटणं अजून नवीकोरी आहेत. व्हॉल्यूमच्या बटणावरची अधिक-उण्याची खूण मात्र पार पुसली गेली आहे. संध्याकाळी मालिका लागली की आवाज २८ वर जातो, कारण पडद्यावरच्या सासूबाई दाराआड कुजबुजत असतात. ब्रेक लागतो, साबणाच्या जाहिरातीतली बाई किंचाळते, आतून आई ओरडते, "अहो, बारीक करा तो!" आवाज १४ वर. मालिका परत आली की पुन्हा २८. झोपेपर्यंत हेच.

मी पुण्यात एका लहानशा स्टुडिओत साउंड मिक्सिंग करतो. त्यात जाहिरातीही असतात. म्हणजे बाबांना छळणाऱ्या टोळीतलाच मी एक. त्यामुळे ही ओरड कशी तयार होते ते मला आतून ठाऊक आहे, आणि गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी बसून ती बऱ्यापैकी आवरलीही. ती कशी, ते सांगतो.

छप्पर एकच, पण…

बऱ्याच जणांना वाटतं की जाहिरात लागली की चॅनेलवाले आवाजाचं बटण फिरवतात. सहसा तसं काही होत नाही. डिजिटल आवाजाला एक कमाल मर्यादा असते, तिच्यावर जाताच येत नाही. मालिका, सिनेमा, क्रिकेट, जाहिरात, सगळ्यांचं छप्पर तेच. फरक आहे तो छपराखाली कोण कसं वावरतं याचा. मालिकेतली माणसं जमिनीवर चालतात, कधी बसतात, आणि एखाद्या प्रसंगात उडी मारून छपराला हात लावून येतात. जाहिरात तीस सेकंद पंख्याच्या हुकालाच लटकलेली असते.

कानाला मोठा वाटतो तो सरासरी आवाज, एखाद्या क्षणाचा कमाल आवाज नव्हे. दाराचा एक धाडकन आवाज आपण विसरतो, शेजारचं ड्रिल मात्र डोकं उठवतं.

स्टुडिओत हे घडतं ते असं. निवेदकाचा आवाज रेकॉर्ड झाला की पडद्यावर त्याचा आलेख दिसतो. सह्याद्रीची रांग असावी तसा, सुळके आणि दऱ्या. मग त्याला कॉम्प्रेसर लावायचा. हे साधन सुळके दाबतं. सुळके दबले की वर मोकळी जागा होते, म्हणून सगळाच आवाज उचलायचा. दऱ्या वर येतात. शेवटी लिमिटर लावायचा, म्हणजे काही छपराबाहेर जाणार नाही. एवढं झालं की रांगेची थापलेली वडी झालेली असते, वरून सपाट. मागे बसलेला क्लायंट तरीही म्हणतो, "छान झालंय, फक्त अजून थोडा दणका द्या ना." एका गृहस्थांची तक्रार होती की त्यांच्या आधी लागणारी जाहिरात त्यांच्या जाहिरातीपेक्षा मोठी वाटते. त्या आधीच्या जाहिरातीच्या मालकानेही कुठल्यातरी स्टुडिओत हेच म्हटलं असणार.

दुसरी गोष्ट कानाची. आपला कान सगळे स्वर सारखे ऐकत नाही. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात कान सर्वांत तिखट असतो. व्यंजनांचा स्पष्टपणा बराचसा याच पट्ट्यातून येतो. जाहिरातीत नेमका हाच पट्टा उचलतात, म्हणजे स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीतूनही उत्पादनाचं नाव ऐकू जावं.

आणि तिसरी गोष्ट, ब्रेकची वेळ. नायिकेच्या डोळ्यांत पाणी, खोलीत शांतता, आणि तिथेच कट. त्या शांततेवर काहीही आदळलं तरी मोठंच वाटणार. याचा पुरावा हवा असेल तर रात्री नऊला एखादं वृत्तवाहिनीवरचं चर्चासत्र लावा. तिथे ब्रेक लागला की उलट जरा शांत वाटतं.

कायदा काय म्हणतो

पूर्वी प्रक्षेपणवाले कमाल आवाजच मोजत, म्हणून लटकणाऱ्यांचं फावलं. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बीएस १७७० नावाचं मानक काढलं. त्यात आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजण्याची रीत ठरवून दिली. खालचे घुमणारे स्वर कमी धरायचे, वरचे तिखट स्वर थोडे जास्त धरायचे. सरासरी काढताना अगदी शांत जागा वगळायच्या, हे पुढच्या आवृत्तीत आलं. या मापाला आमच्या धंद्यात एलयूएफएस म्हणतात, अमेरिकेत एलकेएफएस, माप तेच. आकडा छपरापासून खाली मोजतात म्हणून तो उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. युरोपच्या प्रसारण संघाने २०१० मध्ये आर १२८ या शिफारशीत सगळ्या कार्यक्रमांसाठी उणे २३ चा आकडा ठरवला. अमेरिकेत तो उणे २४ आहे, आणि तिथे त्याला कायद्याचा आधार मिळाला. जाहिरातींच्या आवाजाबद्दलच्या 'काम' (इंग्रजीत CALM, म्हणजे शांत) कायद्यावर १५ डिसेंबर २०१० ला राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि १३ डिसेंबर २०१२ पासून त्याचे नियम लागू झाले.

सरासरीतही पळवाट आहेच. पंधरा सेकंद कुजबुजायचं आणि पंधरा सेकंद बोंबलायचं, सरासरी बरोबर येते. म्हणून युरोपात छोट्या जाहिरातींसाठी वेगळी पुरवणी निघाली: कुठल्याही तीन सेकंदांची सरासरी उणे १८ च्या वर जाता कामा नये.

आपल्याकडे केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ मध्ये जाहिरात संहिता आहे. तिच्यातल्या ७(६) या कलमात जाहिरातीचं दृश्य आणि आवाज 'अतिरेकी लाऊड' नसावा असं म्हटलंय. आकडा दिलेला नाही. अतिरेक म्हणजे किती, ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्यामुळे खरा इलाज बराचसा आपल्याच हातात आहे.

आधी निदान, मग औषध

थेट सेटिंग्जमध्ये घुसू नका. आधी दोन संध्याकाळी नुसतं ऐका आणि लिहून ठेवा. फरक फक्त जाहिरातींत आहे, की चॅनेल बदललं तरी पडतो? सेट टॉप बॉक्सवरून यूट्यूबवर गेलं की पडतो? एकाच वाहिनीच्या साध्या आणि एचडी आवृत्तीत पडतो? प्रत्येकाचं औषध वेगळं आहे.

मोबाइलवर आवाज मोजायचं कुठलंही फुकट ॲप चालेल. त्याचे आकडे प्रयोगशाळेसारखे अचूक नसतात, पण आपल्याला फक्त तुलना करायची आहे. फोन रोज बसता त्या जागी ठेवा, टीव्हीचा आवाज बदलू नका, पंखा बंद करा. बघायचा तो सरासरी आकडा, कमाल नव्हे. मी हे केलं तेव्हा बाबाही चष्मा लावून शेजारी बसले. मालिका चालू असताना रेघ सारखी वर-खाली, मध्येच पार्श्वसंगीताचा 'धाड्' आला की थेट टोकाला. जाहिरात लागली आणि रेघ टोकाच्या जरा खाली येऊन तिथेच थांबली, ताणलेल्या दोरीसारखी. बाबा म्हणाले, "म्हणजे वर गेलीच नाही की. नुसती उतरत नाहीये." मला स्टुडिओत नव्या मुलांना हेच समजवायला आठवडा लागतो.

आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवा की साधारण १० डेसिबल वाढले की आवाज दुप्पट मोठा वाटतो. दोन-तीनचा फरक सोडून द्या. सहा-सातच्या पुढे असेल तर औषध हवं.

पहिली पायरी: दोन व्हॉल्यूमचा घोळ

आपल्याकडे बहुतेक घरांत दोन रिमोट असतात, सेट टॉप बॉक्सचा आणि टीव्हीचा. दोन्हींना आपापला व्हॉल्यूम. बॉक्सचा आवाज कुणीतरी निम्म्यावर आणून ठेवलेला असतो, मग ते भरून काढायला टीव्हीचा वाढवावा लागतो. नंतर यूट्यूब किंवा दुसरं काही ॲप लावलं की घर हादरतं, कारण ॲपच्या वाटेत बॉक्स नाही.

बॉक्सचा व्हॉल्यूम कमाल किंवा त्याच्या एखाद-दोन घरं खाली ठेवा आणि पुन्हा हात लावू नका. वर-खाली करायचं ते टीव्हीच्या रिमोटवरून. बॉक्सच्या रिमोटला टीव्हीचा व्हॉल्यूम शिकवता येत असेल तर तेवढं करून घ्या, म्हणजे एकाच रिमोटवर काम भागतं. नुसतं एवढं केल्यावर निम्म्या घरांतली अर्धी तक्रार संपते.

दुसरी पायरी, आणि हीच महत्त्वाची: संवाद वर काढा

जाहिरात मोठी लागते कारण आपण आवाज वाढवलेला असतो. आणि आवाज वाढवलेला असतो तो संवाद कळत नाहीत म्हणून. संवाद १८ वर कळायला लागले, तर जाहिरातही १८ वरच राहील. म्हणजे भांडण जाहिरातीशी मांडण्याआधी कुजबुजीशी मांडायचं.

पातळ टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. आवाज भिंतीवर आपटून येतो. त्यात दुकानदाराने 'सिनेमा' किंवा 'सराउंड' मोड लावून दिलेला असतो, दुकानात तो भारी वाटतो. घरात मात्र त्याने संवाद पातळ होतात आणि संगीत पसरतं. साउंड मोडमध्ये जाऊन आधी सराउंड बंद करा. मग 'स्टँडर्ड' किंवा, असेल तर, 'क्लिअर व्हॉइस', 'ॲम्प्लिफाय' अशा नावाचा पर्याय लावून बघा. 'स्पोर्ट्स' मोड मालिकांना नको, तो गर्दीचा गोंगाट वाढवतो.

इक्वलायझर असेल तर बहुतेक जण वरचे स्वर वाढवतात. तसं केलं की जाहिरातीचा तिखटपणाही वाढतो. त्याऐवजी १०० हर्ट्झची पट्टी तीन-चार घरं खाली आणा, ३०० ची एक-दोन. घुम कमी झाली की शब्द आपोआप मोकळे होतात. साउंडबार असेल तर सबवूफर निम्म्यावर आणा. शेजारीही दुवा देतील.

टीव्ही भिंतीला अगदी चिकटून किंवा कपाटाच्या खणात असेल तर चार बोटं पुढे ओढून बघा. आमच्याकडे टीव्हीखाली काचेचा टीपॉय होता, वर स्टीलचं फुलपात्र. ठरावीक वाक्याला ते झिणझिणायचं. फुलपात्र तिथून हलवलं.

तिसरी पायरी: ऑटो व्हॉल्यूम

आता टीव्हीलाच तो कॉम्प्रेसर वापरायला लावायचा. जाहिरातवाल्यांनी तो आपल्या जाहिरातीपुरता वापरला, आपण सगळ्यांवर सारखा वापरायचा. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, साउंड, एक्स्पर्ट सेटिंग्ज असं जात गेलं की 'ऑटो व्हॉल्यूम' सापडतं. एलजीतही याच नावाने आहे. सोनीच्या काही मॉडेलांत 'ॲडव्हान्स्ड ऑटो व्हॉल्यूम' म्हणतात. बऱ्याच अँड्रॉइड टीव्हींत डॉल्बी किंवा डीटीएसच्या पोटात 'व्हॉल्यूम लेव्हलर' असं काहीतरी असतं. मॉडेलप्रमाणे जागा आणि नाव बदलतं, पण 'ऑटो', 'लेव्हलर' किंवा 'नाइट' हे शब्द शोधलेत तर चुकणार नाही.

'नॉर्मल' आणि 'नाइट' असे दोन पर्याय असतील तर आधी नॉर्मल. नाइट मोड दऱ्या फारच भरतो, मग मालिकेतल्या शांत प्रसंगात एसीची घरघर आणि कपड्यांची सळसळही ऐकू येते, आणि कुणी बोललं की ती एकदम दबते. आवाज धापा टाकतोय असं वाटेल. रात्री अकरानंतर सिनेमा बघायला मात्र नाइटच बरा.

हे लावूनही फरक पडला नाही, तर बहुधा आवाज टीव्हीच्या हातात येतच नाहीये. काही एचडी वाहिन्या डॉल्बी ध्वनी पाठवतात. टीव्ही तो साउंडबारला न उघडताच पुढे ढकलत असेल, तर टीव्हीतल्या ऑटो व्हॉल्यूमचा त्याच्यावर परिणाम होत नाही. डॉल्बीच्या प्रवाहात संवादाची पातळी सांगणारा एक आकडाही बरोबर येतो. कार्यक्रमाचा आकडा एक आणि जाहिरातीचा खोटा किंवा दुसराच असला, की ब्रेकला उडी बसते. इलाज सोपा आहे. सेट टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'डॉल्बी' किंवा 'ऑटो' काढून 'पीसीएम' किंवा 'स्टीरिओ' करा. खोलीत मागे स्पीकर लावलेले नसतील तर तुमचं काही जात नाही. साउंडबारच्या रिमोटवर 'नाइट' किंवा 'डीआरसी' असेल तर तेही दाबून बघा.

ॲपवरच्या जाहिराती

यूट्यूबच्या सेटिंगच्या चाकात 'स्टेबल व्हॉल्यूम' आहे, तो चालू ठेवा. ॲपल टीव्हीच्या डब्यात 'रिड्यूस लाउड साउंड्स' आहे. कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये कॉम्प्रेसर आहे, पण त्यात जाहिरात येत नाही, तेव्हा तो फक्त सिनेमातल्या गोळीबारासाठी.

स्ट्रीमिंगवर कार्यक्रम एकीकडून येतो आणि जाहिरात दुसरीकडून, ती बघणाऱ्याप्रमाणे ऐनवेळी मध्ये घातली जाते. कार्यक्रम सिनेमासारखा शांत मिसळलेला असतो. नेटफ्लिक्स आपल्या कार्यक्रमांत संवादाची सरासरी उणे २७ मागतं. त्याच धर्तीच्या कार्यक्रमात उणे १४ च्या आसपास बनवलेली इंटरनेटची जाहिरात घुसली तर काय होईल ते सांगायला नको. अमेरिकेचा तो काम कायदा स्ट्रीमिंगला लागू नाही. म्हणून कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वेगळा कायदा केला, त्याची अंमलबजावणी १ जुलै २०२६ पासून. आपल्याकडे तोवर टीव्हीचा ऑटो व्हॉल्यूमच कामाला येतो, कारण ॲपचा आवाजही शेवटी त्याच्याच वाटेने जातो.

घरात वयस्कर माणूस असेल तर

वयाबरोबर आधी वरचे स्वर जातात, म्हणजे स, श, त, क, फ ही अक्षरं. 'ऐकू येतं पण कळत नाही' ही तक्रार त्यामुळेच. पण कानाच्या आतल्या पेशी झिजल्या की आणखी एक विचित्र गोष्ट होते. बारीक आवाज ऐकूच येत नाही, आणि मोठा आवाज मात्र तरुण माणसाइतकाच, कधी त्याहून जास्त टोचतो. ऐकू येणं आणि सहन न होणं यांतली जागाच अरुंद होते. त्यामुळे आजोबा स्वतःच टीव्ही मोठा करतात आणि जाहिरातीला स्वतःच कळवळतात. त्यांचा हट्ट नाही तो. 'स्वतःच वाढवता आणि स्वतःच ओरडता' असं मीही बाबांना म्हणायचो. हे लक्षात आल्यावर थांबलो.

अशा घरात ऑटो व्हॉल्यूम सुखसोय राहत नाही, गरज होते. त्यासोबत आवाज जवळ आणा. खुर्चीशेजारी एक छोटा वायरचा स्पीकर, किंवा हेडफोन. ब्लूटूथवाल्यात ओठ आणि शब्द मागेपुढे होण्याचा त्रास होतो, विकत घेण्याआधी आपल्याच टीव्हीवर लावून बघा. हेडफोन लावताना घरातल्या बाकीच्यांसाठी टीव्हीचा आवाज चालू राहतो की बंद होतो तेही पाहा. आणि कान तपासून घ्या. यंत्र लागत असेल तर टीव्हीच्या सेटिंगने ते भागणार नाही.

तक्रार करायची असेल तर

एखादी जाहिरात किंवा वाहिनी रोजच छळत असेल तर लिहा. नुसतं 'आवाज फार मोठा असतो' लिहून काही होत नाही. वाहिनीचं नाव, साधी की एचडी, तारीख, वेळ, कुठला कार्यक्रम चालू होता, कुठल्या वस्तूची जाहिरात, आणि नियम ७(६) चा उल्लेख, एवढं हवं. फोनवर काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ जोडा, ज्यात कार्यक्रमाचा शेवट आणि जाहिरातीची सुरुवात सलग आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीच्या तीन पायऱ्या झाल्यात: आधी वाहिनी, मग स्वनियमन संस्था, मग केंद्र सरकार. वाहिनीच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो. तक्रारीची पोच २४ तासांत मिळायला हवी.

त्याआधी एक खात्री करा. शेजारी डिश असेल आणि तुमच्याकडे केबल, तर तीच वाहिनी त्याच वेळी तिकडे बघा. तिकडे ठीक आणि तुमच्याकडे बोंब, तर वाहिनीचा दोष नाही. साडीचा सेल, क्लासेस, गुंठेवारीचे प्लॉट असल्या गावातल्या जाहिराती असतील तर त्या बहुधा केबलवाल्यानेच घातलेल्या असतात, आणि त्या कुणाच्या तरी पुतण्याने लॅपटॉपवर बनवलेल्या असतात. तिथे दिल्लीला पत्र लिहायची गरज नाही, महिन्याचे पैसे न्यायला येतो तेव्हा दारातच सांगायचं.

आमच्याकडे आता बॉक्स कमालीवर, सराउंड बंद, बास उणे तीन, ऑटो व्हॉल्यूम नॉर्मल आणि बॉक्समधून पीसीएम. बाबांचा आकडा १७ वर टिकलाय. क्रिकेटला ते ऑटो व्हॉल्यूम काढायला लावतात, कारण चौकार गेल्यावर मैदान उसळायला हवं असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की यातलं काहीतरी हमखास मूळपदावर जातं, म्हणून सगळी सेटिंग्ज एका कागदावर लिहून तो टीव्हीच्या मागे चिकटवून आलोय. परवा आईने फोटो पाठवला. त्या कागदाखाली बाबांनी पेन्सिलीने केबलवाल्याचा नंबर लिहिलाय, आणि त्याच्यापुढे 'सकाळी झोपलेला असतो'.